टिक कुठं केलीस, ताई?

धाड, ता. ६ ऑगस्ट २०२४

ती. सौ. दीपमालाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

कागद पाहून हसू नकोस. फोनवर इकडे आई कान लावते, तिकडे तुझ्या सासूबाई. काल तपासणीला गेले तर सिस्टर म्हणाल्या, तुझी बहीण मागच्या वर्षी इथंच बाळंत झाली, जाताना अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘खूप समाधानी’ला टिक करून गेली. मला वाटतं कुठंतरी पाणी मुरतंय. बाजारातल्या भेंडीवालीशी झालेलं भांडण तू तासभर सांगतेस, आणि बाळंतपणाचं विचारलं की नुसतं ‘छान झालं’. महिन्याभरात मला तिथंच जायचंय. आई म्हणते, बाळ-बाळंतीण सुखरूप, अजून काय पाहिजे. तू खरं लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी, पण संशयी,
प्रतीक्षा

लोणार, ता. १३ ऑगस्ट

चि. सौ. प्रतीक्षास,
जयभीम व अ. आ.

तुझा संशय खरा आहे. आईला त्यांनी बाहेर बसवलं. मी ओरडले तर त्याच सिस्टरनं मांडीवर चापट्या मारल्या; तवा नाही वरडली, आता काऊन वरडून राह्यली वं, असं म्हणाली. मग तासभर कोणी फिरकलं नाही. सुट्टीच्या दिवशी तीच फॉर्म घेऊन समोर उभी राहिली आणि मी टिक केली. वर पेढाही दिला. तीच टिक ती आता तुला दाखवते, याची मला फार लाज वाटते.

तुझं रक्त कमी, लांब जाणं धोक्याचं. तिथंच जा, पण बाळंतपणात घरची एक बाई आत राहू शकते, असं इथल्या आशा सेविका सांगतात. मी येतेय.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

दवाखान्यातून, ता. १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पोरगी दूध ओढते. तू आत होतीस तोवर सिस्टर मला माय, बाई करत होत्या. मला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. परवा तू एसटी धरलीस आणि दुपारी सारिका नावाची पोर बाळंतपणाला आली. तिच्या सासूला, भिमाबाईंना, बाहेर बसवलं. चापट्यांचा आवाज माझ्या खाटेपर्यंत आला.

आज दोघींना फॉर्म दिले. सारिकानं ‘खूप समाधानी’वर टिक केली. माझ्याशी त्या नीट वागल्या होत्या, मीही तीच केली असती तर खोटं ठरलं नसतं. पण मी खाली, जे ऐकलं ते लिहून सही केली. सिस्टरनी वाचून कागद खिशात घातला. माझी सुट्टी आज होती, आता उद्या म्हणतात. आई कपाळाला हात लावून बसली आहे आणि सारिका माझ्याकडे पाहत नाही.

उद्या कोरा फॉर्म देतील असं वाटतं. त्यावरही तेच लिहीन.

आहे ती माया पुरे, थोडी सारिकाला दे.
तुझी,
प्रतीक्षा