मारामारीच्या रिळाची धून

लॉस एंजेलिस
बुधवार, ९ ऑगस्ट १९६७

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि पीचचा मुरंबा दोन्ही सुखरूप पोचलं. मुरंबा दोन दिवसांत फस्त केला, रागावू नकोस. आईची कंबर कशी आहे? बेकर्सफील्डचा ऑगस्ट म्हणजे भट्टीच. तिला दुपारची बाहेर सोडू नकोस.

शुक्रवारी तुमच्या ड्राइव्ह-इनला, त्या गाडीत बसून बघायच्या थिएटरात, आमचा सिनेमा लागतोय आणि तू शेजारणींची पलटण घेऊन जाणार आहेस म्हणे, भावाची गिटार ऐकायला. जाऊ नकोस, ताई. सिनेमा भिकार आहे. मोटारसायकली, दाढ्या, हाणामाऱ्या. माझी धून तेवढी बरी आहे असं सगळे म्हणतात.

त्या धुनेबद्दलच लिहायचं आहे. तीन कागद फाडून झाले.

आमच्याकडे स्टुडिओत भिंतीवर रीळ चालवतात आणि ते बघत आम्ही वाजवतो. सिनेमात मोटारसायकलवाल्यांची टोळी खरीच घेतली होती, भावजींचीच. तू रॉइसभावजींना म्हणाली होतीस ना, "टोळी नाहीतर मी"? त्यांनी तुला निवडलं होतं. पण त्या लोकांत टोळी सोडणाऱ्याला सगळ्यांचा मार खाऊनच टोळीचं जाकीट परत करता येतं. त्यांच्या म्होरक्याने, बकने, त्या मारासाठी शूटिंगचाच दिवस निवडला. कॅमेरा चालू असताना कोण मधे पडणार?

पडद्यावर पुढे नट खोटे ठोसे मारत होते. मागे, डाव्या कोपऱ्यात, भावजी साखळीच्या माराखाली पडले ते उठलेच नाहीत. तिथला आवाजही रिळावर होता. ते ओरडत होते. दिग्दर्शक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वर्लिन, ते ओरडणं ऐकू येतंय. गिटार चढव."

मी चढवली. आवाज फाडणारी ती डबी पायाने दाबली आणि पूर्ण चढवली. दुसऱ्यांदा वाजवावं लागलं नाही.

मे महिन्यात तू विचारलंस, "ते कुठे गेले असतील रे?" मी थट्टेने लिहिलं, गेले असतील नेवाडात एखादीच्या मागे. तेव्हा ते रीळ बघून मला चारच दिवस झाले होते. मी भ्यालो होतो. अजूनही भितोय.

सोमवारपासून समोरच्या फुटपाथवर दोन मोटारसायकली उभ्या आहेत. काल भर दुपारी बक माझ्या पायरीवर येऊन बसला. "बहीण काय म्हणतेय रे तुझी? शुक्रवारी येणार ना सिनेमाला? आम्ही पण तिकडेच येतोय सगळे." आणि हसला.

हे मिळताच आईला घेऊन फ्रेस्नोला मावशीकडे जा. गिटार नसलेली मूळ टेप मी चोरली आहे, ती वेगळ्या पोस्टाने मावशीच्या पत्त्यावर टाकली. शेरीफ फ्रेस्नोचा गाठ. तुमच्याकडचा बकबरोबर पत्ते खेळतो. टेप तू ऐकू नकोस.

पण एवढं तुला कळायलाच हवं. भावजी तुला सोडून गेले नाहीत. शेवटपर्यंत "ओलिटा, ओलिटा" म्हणून तुलाच हाक मारत होते. शुक्रवारी गावाला ती ऐकू येणार नाही, कारण तिच्यावर मी वाजवतोय.

माफी मागायला तोंड नाही.

तुझाच भाऊ,
वर्लिन