तेवीस मिलिमीटर दाढी

८ मार्च

ओतिलिया आली होती. दार उघडायचं नव्हतं, पण ती घंटी वाजवतच राहिली. पोस्टातली बाई – सही घेतल्याशिवाय हलायची नाही. माझी झिता आणि ती बावीस वर्षं एकाच खिडकीमागे बसल्या. बर्फावरच्या हॉकीला, रिंकवरही तिची खुर्ची आमच्या बरोबर मागे.

"आपले हिरवे दोन सामने हरले, इंजिनिअरसाहेब. आणखी दोन हरले की उपांत्य फेरीतूनच घरी. तुम्ही तर आधीच घरी बसलायत. परवा या की!"

म्हटलं, हॉकी झिताची. मी नुसता शेजारी बसायचो. एकतीस हिवाळे शेजारी बसलो, एकदाही ओरडलो नाही. ती दोघांचं ओरडायची.

ओतिलिया माझ्या हनुवटीकडे बघत होती. "हे कधीपासून?"

"दफनाच्या दिवसापासून."

"हं," म्हणाली आणि गेली. खसखशीचा रोल ठेवून गेली.

९ मार्च

रोल संपला. एकट्याने संपवला.

१० मार्च

सकाळी स्तिबोरचा फोन. स्तिबोर म्हणजे खाटीक, आणि रिंकवरच्या प्रेक्षकांतल्या आमच्या 'क' विभागाचा ढोल. फोनवरही ढोलासारखाच बोलतो.

"साहेब, खरं का हे? हिरव्यांसाठी दाढी वाढवलीत म्हणे! तेही फेब्रुवारीपासून!"

बाद फेरी सुरू झाली की खेळाडू दाढी करत नाहीत. प्रेक्षकही करत नाहीत. हरलो किंवा करंडक आला की मगच रेझर. पण त्या सगळ्यांनी मार्चमध्ये सुरू केली. माझी महिनाभर जुनी.

सांगायला हवं होतं – बायको गेली म्हणून. दफनाच्या दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभा राहिलो आणि वाटलं, कोणासाठी करायची? बाबा गेले तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हा सहा आठवड्यांनी झितानेच रेझर हातात दिला होता. "साळिंदर! पुरे आता. खरवड, मग जवळ ये."

हे सगळं स्तिबोरला कसं सांगायचं? तोंडातून निघालं – "हो."

"मग आज रिंकवर या! ती दाढी काय घरात ठेवायला आहे?"

नाही म्हणता आलं नाही. मला कधीच येत नाही.

जाण्याआधी पट्टीने मोजली. १४ मिमी. चाळीस वर्षं जमिनी मोजल्या, सवय जात नाही.

११ मार्च

काल जिंकलो! ४–१.

झिताच्या खुर्चीवर ओतिलियाने आपली पिशवी ठेवली होती. "कोणी ढुंगण टेकवू नये म्हणून," म्हणाली. बरं वाटलं. पूर्ण सामनाभर मी पिशवीशेजारी बसलो. ओरडलो नाही. रमचा चहा दोन कप.

तिसऱ्या गोलनंतर स्तिबोरने ढोल सोडला आणि माझी दाढी दोन्ही हातांनी धरली. "हीच! हीच कमी होती!"

आज पुन्हा सामना. पुन्हा बोलावलंय. विचारलं नाही – बोलावलंय.

१२ मार्च

जिंकलो. मालिकेत दोन-दोन.

१७ मार्च

सलग चार! अंतिम फेरीत! हा करंडक जिंकला तर एकोणीस वर्षांनी वरच्या लीगमध्ये.

ब्रेडच्या दुकानातल्या बाईने आज काउंटरवरून हात लांबवून दाढीला हात लावला. विचारलंही नाही. मागे रांगेत उभी असलेली म्हातारी म्हणाली, "मला पण लावू दे, गुडघा दुखतोय."

डाव्या गालावर एक टक्कल आहे, तिथे केस उगवत नाहीत. स्तिबोर म्हणतो, "आपल्या डाव्या बचावात भोक आहे ते इथून."

सरळ सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवतो. मग कोणीतरी हसून हात हलवतं. महिनाभर रस्त्यात लोक मला बघून आवाज खाली करायचे. आता वर करतात. काय सांगणार?

२० मार्च

अंतिम फेरी, पहिला सामना. ३–२. आपला गोलकीपर माझूर शेवटी काचेपाशी घसरत आला आणि हातमोज्याने काचेवर टकटक केली – माझ्या दाढीसमोर! पूर्ण विभाग वेडा झाला. मी टोपी काढून मान लववली. दुसरं काय करावं सुचेना.

झिता असती तर काचेवरून उडी मारून त्याच्या गळ्यात पडली असती.

२१ मार्च

५–०!!

२३ मार्च

सर्दी. ताप ३८.२. उद्या-परवाचे सामने नदीपलीकडच्यांच्या रिंकवर. स्तिबोरला कळवलं, येऊ शकत नाही. तो म्हणाला, "दाढी तरी पाठवता येईल का?"

२५ मार्च

दोन्ही हरलो. १–६, ०–३. दोन-दोन.

दुपारी तिघांनी मिळून कोंबडीचं सूप आणून दिलं. तिघांनी वेगवेगळं! आठ दिवस पुरेल. सुपापेक्षा माझ्या हनुवटीची चौकशी जास्त.

२७ मार्च

दाशाचा फोन, ब्रनोहून. "बाबा, तुम्ही इंटरनेटवर आहात! कोणीतरी फोटो टाकलाय, 'क विभागाचा देव'. ऑफिसमधले विचारतात, हा खरंच तुझा बाप?"

मग हळूच – "बाबा, जेवता ना?"

म्हटलं, सूप आहे. भरपूर.

२८ मार्च

घरच्या बर्फावर जिंकलो, ४–३. तीन-दोन. एक विजय हवा! एकच!

ओतिलियाने मध्यंतरात पिशवीतून कॅलेंडर काढलं. "सहावा सामना एकतीसला. सातवा लागलाच तर दोन एप्रिलला."

दोन एप्रिल. झिताच्या नावाचा दिवस – कॅलेंडरात त्या तारखेला 'झिता' छापलेलंच असतं, तिला तो वाढदिवसापेक्षा मोठा.

ओतिलियाने कॅलेंडर परत पिशवीत ठेवलं.

३० मार्च

अडतीस वर्षं एकच क्रम. दोन एप्रिल, सकाळी ती उठायच्या आत – दाढी, फुलं (पिवळे फ्रीझिया), कॉफी. दाढी करून नाही गेलो तर गाल पुढे करायची नाही. एकदा घाईत हनुवटीखाली राहून गेली होती, तर परत न्हाणीघरात पाठवलं!

यंदाही जायचंच. थडग्यावर अजून दगड नाही, लाकडाचा क्रॉस आहे. पण तिच्यासमोर असा जाणार नाही. उद्या जिंकलो की प्रश्न मिटला. सगळेच दाढी करतील.

जिंका रे!

संध्याकाळी आरशात पाहिलं. मिशी ओठांवर आली होती, चहा गळतो. जरा कापली. तीनच मिमी.

१ एप्रिल

हरलो. १–२. शेवटच्या मिनिटात.

बसने गेलो होतो त्यांच्यासोबत, शेवटच्या बाकावर, दोन्ही बाजूंना माणसं, जणू मला कोणी पळवून नेईल. परतताना बस मुकी. मग स्तिबोर उठला, मोबाइलचा दिवा लावला आणि माझ्या तोंडावर धरला.

"साहेब. ही मिशी."

"काय मिशी?"

"कापलीत."

"तीन मिलिमीटर. चहा गळत होता."

पूर्ण बस माझ्याकडे वळली. कोणीतरी मागून, "तीन मिलिमीटर! अरे देवा, एका गोलाने हरलो!"

स्तिबोर माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. एकशे दहा किलोचा माणूस, चालत्या बसमध्ये. "गळू दे चहा. मी नळी आणून देतो. पण परवापर्यंत रेझर लावलात तर शपथेवर सांगतो, तुमचं सॉसेज करीन. मोहरीसकट!"

सगळे हसले. मीही हसलो. पण तो गमतीत नव्हता, हे मला कळलं. त्याचे डोळे ओले होते. एकोणीस वर्षांपूर्वी वरची लीग गमावली तेव्हा त्याचा बाप ढोल वाजवायचा. बाप आता नाही.

दाशाला फोन केला. "बाबा, करू नका! दोन दिवसांचा प्रश्न आहे. आईला तीन तारीख चालेल."

चालेल का? कोणाला विचारू?

एका बाजूला पूर्ण गाव. दुसऱ्या बाजूला एक बाई, तीही नाही. मोजमापात हे कसंही मांडलं तरी उत्तर गावाच्याच बाजूने येतं. आणि दाढीमुळे कोणी गोल करत नाही, हे मला ठाऊक आहे. मी इंजिनिअर आहे! तरीही मिशीचे तीन मिलिमीटर छातीवर बसलेत.

२ एप्रिल, सकाळ

केली.

आधी मोजली – २३ मिमी. मग कात्री, मग रेझर. चाळीस मिनिटं लागली. खालची कातडी पांढरी, वरची लाल. दोन माणसांचा चेहरा जोडल्यासारखा. हनुवटीखाली दोनदा पाहिलं.

फुलवालीकडे पिवळे फ्रीझिया नव्हते, पांढरे घेतले. दफनभूमीत कोपऱ्यात अजून बर्फ आहे. क्रॉसपाशी उभा राहिलो, गाल पुढे केला. कोणी नव्हतं म्हणून केला. मग तिला मालिकेचा निकाल सांगितला, सामन्यानुसार. तिला असंच लागायचं – पहिल्यापासून, गोल कोणाचा, पास कोणाचा. पाऊण तास लागला.

स्तिबोरबद्दलही सांगितलं. सॉसेजचंही.

आता रिंकवर जायचंय. झिताचा हिरवा मफलर काढलाय. नाकापर्यंत येतो.

३ एप्रिल

क्रमाने लिहितो, नाहीतर जमणार नाही.

पोचलो तेव्हा रिंक भरलेली. मफलरातून फक्त डोळे बाहेर. ओतिलियाने एकदा पाहिलं. मग उठली, माझ्या मागे आली आणि मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधली – घट्ट, डोक्यामागे.

स्तिबोर ओरडला, "हे काय, बँक लुटायला निघालात?"

"घसा बसलाय त्यांचा," ओतिलिया म्हणाली. "आणि दाढीला ऊब लागते. गप वाजव."

पहिल्या भागात ०–१. घाम फुटला. दुसऱ्यात ०–२. स्तिबोर मागे वळून माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, जरा बाहेर काढा ना ती. दिसू दे पोरांना!" मी खोकलो. खूप खोकलो. रमचा चहा आला तो मफलराच्या खालून प्यायलो. निम्मा अंगावर. मनात एकच – उठावं, जिन्यावर उभं राहावं, सांगून टाकावं. मग जे करायचं ते करा माझं.

तिसऱ्या भागात दोन गोल! चार मिनिटांत! २–२. जादा वेळ.

जादा वेळेचं सातवं मिनिट. माझूरने रबरी पक अडवला, आपल्या एकाने तो भिंतीवरून पुढे टोलवला. मधला त्यांचा बचावपटू पडला. आपला तरुण डावखुरा एकटा पुढे – मला त्याचं नावही आठवत नाही – त्याने थांबून, अगदी थांबून, गोलकीपर खाली बसेपर्यंत वाट पाहिली आणि वरून टाकला.

मी ओरडलो.

काय ओरडलो ते आठवत नाही. कोणाचा आवाज म्हणून मीच इकडेतिकडे पाहिलं. उभा होतो, दोन्ही हात वर, तोंड पूर्ण उघडं – आणि मफलर गळ्यात.

स्तिबोर ढोलावरून उडी मारून आला, दाढीची पापी घ्यायला. दोन्ही हातांत माझा चेहरा धरला. आणि थांबला. हात गालांवर फिरवले. एकदा, दोनदा. चुकीच्या माणसाला धरलं की काय, असं.

पूर्ण रिंक गर्जत होती आणि आमच्या चार रांगा गप्प.

"केव्हा?" स्तिबोर म्हणाला.

"सकाळी. आज झिताच्या नावाचा दिवस आहे." आवाज बसलेला. आता खरंच.

मग त्याने माझ्या हनुवटीची पापी घेतली. मोठ्ठी, ओली, मोहरीचा वास असलेली. आणि विभागाकडे वळून गरजला, "चूक झाली रे आपली! दाढी नव्हतीच! हनुवटी होती! ती दाढी तिला अडवत होती!"

"ह-नु-व-टी! ह-नु-व-टी!" ढोलावर. चार रांगा, मग पूर्ण 'क' विभाग. खाली खेळाडू वर बघायला लागले. माझूरने हेल्मेट काढून हातमोजा उंचावला, कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं.

"पुढच्या वर्षी रोज सकाळी करायची," स्तिबोर कानात म्हणाला. "रोज! नाहीतर सॉसेज."

करंडक रांगेरांगेतून फिरला. ओतिलियाने तो घेतला, पिशवी उचलली आणि झिताच्या खुर्चीवर मिनिटभर ठेवला. मग पुढे दिला.

आज घसा पूर्ण बंद. दाशाला फोनवर काही सांगता आलं नाही. ती हसतच होती – "बाबा, मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं."

४ एप्रिल

दाढी केली.

५ एप्रिल

ओतिलिया आली. खसखशीचा रोल. चहा घेतला, हॉकीचं बोलली. जाताना दारात वाकून बूट घालत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाढी हिरव्यांसाठी आहे हे स्तिबोरला मी सांगितलं होतं. मला झितानं सांगून ठेवलेलं. जानेवारीत, हॉस्पिटलात. म्हणाली, साळिंदर दाढी वाढवेल आणि घरात बसेल. तू सगळ्यांना सांग, ती संघासाठी आहे. त्याला नाही म्हणता येत नाही. आणि ज्या दिवशी करून येईल, त्या दिवशी जरा झाकून घे त्याला, नाहीतर स्तिबोर मारेल."

मी विचारलं, "कोणत्या दिवशी करेन, तेही म्हणाली होती?"

"हो. दोन एप्रिल."