झऱ्याच्या टाकीसाठी अर्ज

मंगळवार, संध्याकाळ. वारजे.

डोंगरातल्या बचत गटाच्या अध्यक्ष हिराबाई आज एसटीने ऑफिसात आल्या. गावाच्या वरच्या झऱ्याला टाकी बांधायला गटाला कर्ज हवंय. मी नियम सांगितला, आमची संस्था फक्त धंद्यासाठी कर्ज देते. शेळ्या घ्या, शिलाई मशीन घ्या.

"ताई, पाणी आणण्यातच सकाळ जाती. शेळ्या राखायच्या कवा?"

"नियम आहे," एवढंच मी पुन्हा म्हटलं. उठताना त्यांनी ग्लासातलं उरलेलं पाणी स्वतःच्या बाटलीत ओतून घेतलं. मला दाखवायला नाही, सवयीनं.

घरी आल्यापासून तो ग्लास डोळ्यांसमोरून हलत नाही. नियम मीच लिहिलेत, पंख्याखाली बसून. त्या गावाला दोनदा गेले, तेही गाडीने, शाळेपर्यंत. झरा कुठे पाहिलाय मी?

शेवटी फोन केला. "हिराबाई, तुमचा अर्ज आमच्या कर्ज समितीपुढे मी मांडते. पण आधी झरा बघायला येते."

"या की! येताना एक हंडा तुमच्या डोक्यावर देणार बघा," त्या हसल्या.

हो म्हणून बसलेय. समितीने नाही म्हटलं, तर ते सांगायलाही तो डोंगर मलाच चढावा लागेल.