हेडमास्तरांच्या पोटावरून तुझ्या शहराकडे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला समजून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून ठाण मांडून बसलाय?

पत्रास कारण की, नऊ वर्षं मी "येतो, येतो" म्हणतोय आणि दर वेळी "फार लांब पडतं गं" म्हणून अंग काढून घेतोय. तेव्हा नक्की किती लांब, ते एकदा मोजायचंच ठरवलं. तिकीटवाल्याने दिलेल्या कागदावर विमान सकाळी दहाला निघून त्याच दुपारी अडीचला तुझ्याकडे पोचत होतं. म्हणजे साडेचारच तास! मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत सुटलो. (परतीचं मात्र आज चारला निघून उद्या चारला पोचत होतं. मी म्हटलं, येताना चढ असेल.)

तेवढ्यात आमचे हेडमास्तर जाकिटाची ट्रायल घ्यायला आले. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. ते इतके हसले की बगलेतली कच्ची शिवण उसवली. मग समजावलं की तुमची घड्याळं आमच्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणून प्रवास खरा पंधरा तासांचा. खोटं कशाला बोलू, मला हायसंच वाटलं. सबब पुन्हा हाताशी आली. ती पक्की करायला मी भिंतीवरच्या नकाशावर टेप लावली आणि हिशेब केला, चौदा हजार किलोमीटर (शिवणीसाठी सोडतो तसे वर पाचशे). त्यावर हेडमास्तर म्हणाले, "अहो, पृथ्वी गोल आहे, तुमच्या ताग्यासारखी सपाट नाही!" आता दुकानात पृथ्वीचा गोल कुठून आणायचा? आम्हा दोघांची नजर एकदमच त्यांच्या पोटावर गेली.

नव्या कोऱ्या जाकिटावर मी खडूने उजवीकडे आपलं गाव काढलं, डावीकडे तुझं. टेप आडवी धरली, मग जरा वरून, छातीकडून वळवून धरली, आणि काय सांगू, चांगली दोन बोटं वाचली! "सर, श्वास रोखा, समुद्र हलतोय!" असं मी ओरडेपर्यंत दारात गर्दी जमली होती. विमानंही म्हणे अशीच वरून, उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळसा घेऊन जातात. दोन हजार किलोमीटर तिथल्या तिथे कमी झाले. हेडमास्तर लालबुंद झाले होते, पण खूश होते.

तरी पंधरा तास एका जागी बसायचं कसं, हे माझं पालुपद चालूच होतं. तर आतून काजं करता करता तुझी भावजय म्हणाली, "रोज मशीनवर तेवढे बसताच की. तिथे फक्त पाय हलवायचे नाहीत." मी टेप गुंडाळून ठेवली. ताई, खरं कारण अंतर नव्हतंच. विमानाची भीती वाटते मला. आणि तुझी आठवण त्याहून जास्त येते.

तुझा,
बारक्या

ता. क. तुझ्यासाठी लोकरीचा कोट बेतलाय, पण मापं नऊ वर्षांपूर्वीची. खांदा, छाती, बाही आणि उंची लगेच कळव.

ता. क. दुसरा. नको, कळवू नकोस. तू टेप ओढून धरतेस, नेहमीचंच आहे. तिकीट काढलंय. बारा तारखेला दुपारी अडीचला विमानतळावर हात सरळ ठेवून उभी राहा, मीच माप घेतो.