वीणा कोणाच्या हातात होती

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचे शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. रोह्याचा छापखाना मोडीत निघाला, ट्रेडल मशीन भंगारवाल्याने तीन माणसं लावून उचलून नेलं, साप्ताहिक मात्र मी पेणला आणून अजून चालवते. कचेरी एका गणपतीच्या कारखान्यावर आहे, त्यामुळे जिन्यात बारा महिने ओल्या मातीचा वास असतो. छपाईचे खिळे जुळवायचा तुमचा चिमटा माझ्या टेबलावर आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी आळीत सगळे पेढे वाटत होते आणि तुम्ही मला तो चिमटा दिला होतात. त्याचा मला फार राग आला होता. आता मी त्याने स्टेपलरमध्ये अडकलेल्या पिना काढते. हे आज लिहायचं कारण एक सप्ताह मंडळ आहे. इथे कोणाला सांगायला गेलं तर उत्तर ठरलेलं, कशाला त्यांच्या नादी लागलीस. तुम्ही तसं म्हणाला नसतात, म्हणून तुम्हाला.

गडबवरून खाडीच्या अंगाला आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या माघातल्या सप्ताहाची हँडबिलं तुम्हीच छापायचात, आणि तुमचा देवाशी संबंध तेवढाच होता. सात दिवस अखंड नाम, आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकायची नाही. एक विणेकरी ती गळ्यात घालून उभा राहतो, तार छेडत राहतो, त्याचा पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालतो. वीणा खाली टेकली तर सप्ताह मोडला, वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू. गेल्या वर्षी ऐन सप्ताहात पौर्णिमेच्या उधाणाला, भर दुपारी, खाडीच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पंगत टाकून गावातला धडधाकट पुरुष तेवढा बांधाकडे धावला. मला फोन आला तशी मी पेणहून स्कूटर काढली.

मी पोचले तेव्हा खांड जवळपास बुजली होती. पेंढा, गोणी, चिखल, जे हाताला लागेल ते माणसं टाकत होती. मधोमध कमरेएवढ्या चिखलात एक म्हातारा उभा होता, धोतर-बंडी काळी झालेली, गळ्यात तुळशीची माळ. गोणी कुठे टाकायची ते तोच सांगत होता, सारा जन्म या बांधावर गेलेला माणूस. कोणीतरी म्हणालं, दुपारचा विणेकरी हाच. मी वरून ओरडून विचारलं, "बाबा, मग वीणा कुठे आहे?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेवली गो खाली. बांध र्‍हायला तं गाव र्‍हाईल, गाव र्‍हायलं तं देव र्‍हाईल."

यापेक्षा चांगलं वाक्य मला गेल्या कित्येक वर्षांत कोणी दिलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं पहिल्या पानावर घेतलं, वर मथळा दिला, 'वीणा खाली ठेवून बांध वाचवला'. मला वाटलं, मी गावाचं कौतुक करतेय. खरंच तसं वाटलं. दोन दिवसांत एका मोठ्या दैनिकाने ती बातमी उचलली, आणि तिथून मोबाइलवर फिरायला लागली तेव्हा तिचं 'अखंड सप्ताहाला गालबोट' झालं होतं. गावच्या मंडळाला रोह्याकडून मुख्य मंडळाचा फोन गेला की सप्ताह मोडला असं धरायचं का, तेवढं कळवा.

मग गावचं मंडळ माझ्या कचेरीत आलं. पाच माणसं, पांढऱ्या टोप्या, पुढे अध्यक्ष. अध्यक्ष नागोठण्याच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले आहेत आणि अजून शिफ्टचा सुपरवायझर असल्यासारखे बोलतात. गडबच्या नाक्यावरच्या दुकानांतून आपल्या पेपरचे गठ्ठे त्यांनी आधीच परत पाठवले होते आणि मंडपाबाहेर फळा लावला होता की या साप्ताहिकाच्या प्रतिनिधीस प्रवेश नाही. मी एकटीच प्रतिनिधी आहे, त्यामुळे फळा माझ्या नावाचाच म्हणायचा. खुर्च्या तीनच होत्या. दोघे उभे राहिले.

"खुलासा छापा," अध्यक्ष म्हणाले. "वीणा खाली ठेवली नव्हती. तुमी खोटं छापलंय."

"मला विणेकरीबाबांनी स्वतः सांगितलं."

"त्यांचं वय झालंय. म्हनून तं आता त्यांच्याकडून वीना काढून घ्यायचा ठराव केलाय."

मी म्हटलं, ठीक आहे, छापते. वीणा खाली नव्हती, तर मग कोणाच्या हातात होती ते सांगा, म्हणजे खुलासा पुरा होईल. यावर पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. एकाने खिडकीतून खाली गणपती बघितले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ते छापायचं कारन नाय."

ते गेल्यावर मला तुमची निडीची फेरी आठवली. दोन भावांपैकी थोरला वारला होता आणि आपण धाकट्याच्या नावाने निधनवार्ता छापली होती. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून निडीला नेलंत. अंगणात तो धाकटा भाऊ वाल सोलत बसला आहे, डोकं ताजं भादरलेलं आहे, आणि आपल्याला बघून म्हणतो, "या मास्तर, मी मेलोय व्हय?" तुम्ही हसत नाही. हात जोडून उभे राहता. त्याची बायको चहा आणते आणि तुम्ही तो घेता, याचं मला नवल वाटतं, कारण एरवी तुम्ही बातमीला गेलात की कोणाकडे घोटभर काही घेत नाही. आदल्याच महिन्यात कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाची पेढ्याची पुडी मी घरी आणली होती, तर आई चुलीवर भाकरी थापत असताना तुम्ही तिच्यादेखत मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतंत. परत येताना मी दांडीवरून विचारलं तर म्हणालात, "ज्याचं चुकलं त्याच्या घरचा चहा घ्यायचा. ज्याची बातमी केली त्याच्या घरचं काही हातात घ्यायचं नाही." पुढच्या अंकात दुरुस्ती पहिल्या पानावर, त्याच कोपऱ्यात, त्याच जाडीच्या खिळ्यात. निडीचे अमुक अमुक हयात आहेत. गावभर हसणं झालं, पण त्या माणसाने मरेपर्यंत वर्गणी भरली.

तर माझं चुकलं होतं का, आणि चुकलं असलं तर कोणाच्या बाबतीत, हे मला कळत नव्हतं. ते कळलं बाजाराच्या दिवशी. एक बाई जिना चढून आली, चाळिशीची असेल, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. पाटी उतरवली, पदराने तोंड पुसलं, बसली नाही. म्हणाली, "विनेकरीबाबांची सून मी. वीना माजे हातान व्हती."

ती सप्ताहाच्या चुलीवर होती. बांध गेला अशी ओरड झाली तशा बायका मंडपात धावल्या. पुरुष निघून गेले होते, मागे उरले ते काठी टेकणारे. म्हाताऱ्याचा जीव बांधाकडे आणि गळ्यात वीणा. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वीणा काढून सुनेच्या गळ्यात घातली आणि पळाला. त्या मंडळात बाईने वीणेला हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. का, ते विचारलं तर आहे म्हणून आहे. भरती उतरून माणसं परत येईपर्यंत ती उभी होती. तार थांबवली नाही, नाम थांबवलं नाही. सांगताना तिने उजव्या हाताचं बोट जरा पुढे केलं. तारेने कापल्याची रेघ भरत आली होती.

"बाबांनी तुमाला खाली ठेवली म्हनून सांगितलं ते माज्यासाठी," ती म्हणाली. "आता त्यांची वीना गेली. ते धड जेवत पन नाय. छापा तुमी, कोनाचे हातान व्हती ती."

मी लगेच हो म्हटलं नाही. तुम्ही शिकवलंत तसं आधी त्यांच्या घरी गेले. म्हातारा पडवीत बसला होता, चिखलात उभा होता त्याच्या निम्मा दिसत होता. तो म्हणाला, "गावाला म्हाईत हाय, पोरी. समद्यांना म्हाईत हाय. पन म्हाईत असनं येगळं न् छापून येनं येगळं. पोरगा गेला माजा. हिला आनखी तीस वर्सं हितंच काढायचीत. माजी वीना गेली तं गेली. छापू नको."

मला ते पटलं. अगदी खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. एक गोलगोल खुलासा छापायचा, वीणा खाली नव्हती, बस्स, मंडळ खूश, गठ्ठे परत नाक्यावर. मी तसं बोलूनही दाखवलं, बाबांची इच्छा नसेल तर राहू द्या म्हणून. ती दारात उभी राहून ऐकत होती. आवाज न चढवता म्हणाली, "हात माजे व्हते ताई. त्यांना काय इचारता?"

तिने चहा ठेवला होता. मी तो घेतला.

छापलं, अण्णा. पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या मथळ्यात, तिच्या नावानिशी. अंक निघाला त्या दुपारी अध्यक्षांचा फोन आला. "खुलासा मिळाला," म्हणाले. मग, "एवढा सविस्तर नको व्हता." पण करणार काय. त्यांनी मागितलं होतं तेच मी दिलं होतं. वीणा खाली ठेवली नव्हती हे छापून आलं, रोह्याच्या मुख्य मंडळाने सप्ताह अखंड धरला, आणि खाली ठेवलीच नव्हती म्हटल्यावर म्हाताऱ्याकडून वीणा काढून घ्यायला कारण उरलं नाही. धरली कोणी याबद्दल कोणीही अक्षर काढलं नाही. फळा कधी काढला ते कळलं नाही. तिला मात्र ते फुकट पडलं नाही. काही बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, विहिरीवर ती आली की कळशी उचलून निघायच्या. हे मला तिनेच सांगितलं, पुढच्या बाजाराला शेंगा विकता विकता, भाव सांगावा तशा स्वरात. मला वाईट वाटलं. तिला वाटलेलं दिसलं नाही, किंवा तिने दाखवलं नाही.

या माघात मी पुन्हा गेले होते. पाण्याची बाटली माझी, डबा माझा. पौर्णिमेच्या दुपारी भरतीच्या आधीच पुरुष गोणी घेऊन बांधावर जाऊन बसले, एवढा शहाणपणा गावाला आला आहे. म्हातारा उभा होता, त्यालाही जायचंच होतं. त्याने काही न बोलता वीणा काढून सुनेच्या गळ्यात घातली. अध्यक्ष तेवढा वेळ मंडपाच्या बांबूची सुतळी आवळत होते, चांगली आवळलेली असताना.

मी कोपऱ्यात टिपणं घेत होते. थोड्या वेळाने मागून वरण करपू लागल्याचा वास आला. तिने मान वळवली, शेजारच्या दोन बायकांकडे पाहिलं. त्या दोघी मागे सरकल्या. मग ती सरळ माझ्याकडे आली, तार छेडतच, आणि म्हणाली, "धरा ताई जरा, वरन लागंल." पट्टा माझ्या गळ्यात घालून गेलीसुद्धा. पेन कुठे पडलं मला कळलं नाही. वीणा दिसते त्याहून जड असते, अण्णा. नाम मला येतं तेवढंच, राम कृष्ण हरी, तेच म्हणत राहिले. तार बोटाखाली थरथरत होती आणि मागे सरकलेल्या त्या दोघींपैकी एक माझ्यासोबत हळूच म्हणायला लागली.

बातमी छापली. त्यात त्या दुपारी वीणा कोणाकोणाच्या हातात होती ते आलं आहे, माझं नाव सोडून. तुमच्या हिशेबाने ही दुरुस्ती पहिल्या पानावर, त्याच जागी जायला हवी. ती मी देणार नाही. हे पत्र चिमट्याखाली राहील.

त्या दुपारी वरण उतरवून ती परत आली, वीणेसाठी हात पुढे केला. मी लगेच दिली नाही.