ओल्या कचऱ्याची रिकामी बादली

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

आमच्या गल्लीत हल्ली ओल्या कचऱ्याचं खत करतात. समोरच्या शाळेतल्या निवृत्त बाई दर रविवारी घरोघरच्या बादल्या तोलून वजन लिहून घेतात. माझी बादली सलग तीन रविवार रिकामी निघाली. वाटलं, आता बोलणी बसणार. तर गल्लीच्या सभेत माझ्यासाठी टाळ्या! अन्न वाया न घालवणारं घर म्हणे. शेजारी विचारतात, कसं जमवता? संध्याकाळी टपरीवरच्या चहा-बिस्किटांवर भागतं, हे त्यांना कसं सांगू? दुपारी कॅन्टीन असतंच हं.

निघताना बाईंनी हळूच विचारलं, "घरी स्वयंपाक करतोस ना रे?" ही शाबासकी होती की कानउघाडणी, मला अजून कळलेलं नाही. मी हो म्हणालो, तुला म्हणतो तसंच.

म्हणून काल किलोभर मटार आणून सोलले. टरफलं बादलीत गेली, ते काम झालं. दाणे मात्र पातेल्यात पडलेत आणि मी त्यांच्याकडे बघत बसलोय.

आई, आधी तेल घालायचं की पाणी, तेवढं लिही.

तुझा,
धाकटा