निम्मं तळं

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं आहे, त्याचा फार अर्थ काढत बसू नकोस.

तुझं वार्तापत्र टपालाने मिळालं. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला टपालाने वार्तापत्र पाठवणारा भाऊ मी तरी दुसरा पाहिलेला नाही. चालत आला असतास तर चहा मिळाला असता. चहाबरोबर आणखी जे मिळालं असतं ते चुकवायलाच तू तिकीट चिकटवलंस, हे न कळण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. म्हणून मीही पत्रच लिहिते. फोनवर तू मधेमधे 'अगं ऐक ना ताई, ऐक ना ताई' करतोस आणि शेवटी कोणाचंच ऐकून होत नाही. कागद एक बरा, तो मधे तोंड घालत नाही.

वार्तापत्र मी अथपासून इतिपर्यंत वाचलं. कागद गुळगुळीत आहे, शुद्धलेखनही बरं आहे. 'निसर्ग शिक्षण केंद्रात पानगळीचा बहर' हे शीर्षक ज्याला सुचलं त्याला पानगळ आणि बहर यांतलं काहीतरी एकच ठाऊक असावं. पहिल्या पानावर तू आणि तुमचे अध्यक्ष. त्यांचा सूट बघून मला दर वेळी वाटतं की या माणसाला रात्री इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवत असणार. केंद्रातल्या सगळ्यांनी त्यांना 'इस्त्री' म्हणायला सुरुवात केली ती मी निवृत्त होण्याच्या आधीच, त्यामुळे ते पाप माझ्या माथी मारू नकोस. तुम्हा दोघांच्या डोक्यावर फाटकाला टांगलेली लाल-पिवळी पानं आहेत. प्लास्टिकची. आणि त्याच फोटोत मागे एक माणूस पाठीवर यंत्र बांधून खरी पानं फुंकून हाकलतो आहे! खरी हाकलायची आणि खोटी टांगायची, याला तुम्ही खाली 'स्वच्छ व सुंदर परिसर' असं लिहिलं आहे. त्या पानांच्या ढिगाऱ्यात आपण पोरांना कोपरापर्यंत हात घालायला लावायचो. गोम निघाली की अर्धी पोरं पळायची आणि अर्धी पुढे यायची. तुमच्या आवारात आता गोम यायची तर तिला आधी पाय पुसून यावं लागेल.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. खरंच दिलं असतं. पानं पुढच्या वर्षी पुन्हा गळतील, झाडांना तुमच्या यंत्राची भीती नाही. माझा राग तिसऱ्या पानावर आहे. 'तळ्याचं नूतनीकरण.'

मी कॉलेजमधून नुकती बाहेर पडून केंद्रात लागले तेव्हा ते तळं नव्हतं, पावसाचं पाणी साचणारा खड्डा होता. त्यात आम्ही बाहेरून काही आणून सोडलं नाही. नुसतं पाणी टिकेल एवढं पाहिलं, आणि जे यायचं ते आपल्या पायांनी, पंखांनी आलं. चतुर आले, अंडी घालून गेले. बेडूक कुठून आले देव जाणे. दर पानगळीत तळं साफ करायचं, नाहीतर गाळाने आणि पाणवनस्पतींनी ते बुजून जातं. पण साफ करायचं ते निम्मंच. या वर्षी उगवतीकडचं, पुढच्या वर्षी मावळतीकडचं. आणि काढलेला गाळ, पाला लगेच उचलायचा नाही, काठावरच दोन दिवस पसरून ठेवायचा, म्हणजे त्यात अडकलेला जीव रांगत रांगत परत पाण्यात जातो. हे मी तुला का सांगते आहे? कारण तुला हे येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं, हीच तर रड आहे.

तुझं हॉटेल बंद पडलं आणि तू माझ्या दारात येऊन उभा राहिलास, तेव्हा तुझी बायको म्हणाली होती, 'ताई, यांना कुठेही चिकटवा, पण घरात बसवू नका.' मी तुला तिकिटाच्या खिडकीत चिकटवलं. पुढे एका पानगळीत माणूस कमी पडला म्हणून तुझ्या हातात गमबूट दिले आणि तळ्यावर धाडलं. एका पोराने विचारलं, निम्मंच का, सगळं एकदम का नाही? मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच तू म्हणालास, 'घराला रंग देताना एका खोलीतलं सामान दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो की नाही? सगळ्या खोल्या एकदम काढल्या तर रात्री झोपशील कुठे?' पोरं हसली. मी झाडामागे जाऊन उगीच बुटाचे बंद बांधत बसले. गमबुटाला बंद नसतात हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी तेच वाक्य वापरलं, आणि एकदाही तुझं नाव घेतलं नाही. मोठ्या बहिणीचा तेवढा हक्क असतो.

तर असा तू. माझ्यामागे केंद्र तुझ्या हातात आलं. आणि तू सगळ्या खोल्या एकदम काढल्यास.

मला ते कसं कळलं, हे तू फोनवर तीनदा विचारलंस. कोणी चुगली केलेली नाही. मी भाजी आणायला निघाले होते. समोरून ट्रॅक्टर आला, मागच्या ट्रॉलीतून काळं पाणी रस्ताभर ठिबकत होतं आणि कडेवरून आपल्या तळ्यातली पाणवनस्पती लोंबत होती. चाळीस माणसांच्या घोळक्यात आपलं माणूस पाठीवरून ओळखू येतं ना, तशी ती मला ओळखू आली. मी पिशवी हातात घेऊन त्या ट्रॅक्टरच्या मागे चालत गेले, गावाबाहेरच्या भरावापर्यंत. तिथे आधीच्या खेपांचे ढीग पडलेले होते. मी त्या गाळात हात घातलेला बघून ट्रॅक्टरवाला म्हणाला, 'मावशी, अंगठी पडली का?' मी म्हटलं, 'अंगठी नाही, भाऊ पडला.' तो बिचारा घाबरून खाली उतरला आणि गाळात माणूस शोधायला लागला. मग त्याने सांगितलं, 'साहेब म्हणाले, आजच्या आज सगळं उचला, उद्या फोटोवाले येणार.' साहेब म्हणजे तू. तुला साहेब म्हणतात हे मला त्या गाळात उभं राहून कळलं.

केंद्र सगळ्यांना खुलं ठेवतात त्या दिवसाचं मला आमंत्रण होतं, नावामागे 'माजी' लावून. मी आले, मागे उभी राहिले, तू मला पाहिलंस. नळाच्या पाण्याने भरलेलं तळं न्हाणीघरासारखं लखलखत होतं. आणि त्यात काय, तर दुकानातून आणलेले सोनेरी मासे! अरे, हॉटेलच्या दारात काचेच्या पेटीत ठेवतात ते! चुकून एखादी अळी त्या ट्रॉलीतून वाचून मागे राहिली असेल, तर तीही खायला तू भाडोत्री माणसं नेमलीस. पोरांनी जाळी घातली. दर वर्षी पांढऱ्या ट्रेमध्ये काय काय वळवळायचं, आणि पोरं एकमेकांना ढकलून बघायची. या वर्षी सगळे ट्रे कोरे. एका मुलीच्या जाळीत मासा आला, तिने विचारलं, 'हा इथे कुठून आला?' तू म्हणालास, 'हे आपले नवे पाहुणे!' आणि माझ्याकडे पाहून मान खाली घातलीस. ती खाली घातलेली मान मी विसरणार नाही. तुला कळत नसतं तर मी तुला मूर्ख म्हणून मोकळी झाले असते. कळत असून केलेल्याला काय म्हणतात ते मी कागदावर लिहिणार नाही, आईने शिकवलेलं नाही.

का केलंस तेही मला ठाऊक आहे. इस्त्री म्हणाले असतील, तळ्याचा तळ दिसला पाहिजे. आणि तू 'हो' म्हणालास. लहानपणी पलीकडच्या पोरांनी 'गांडूळ खाऊन दाखव' म्हटलं तेव्हाही तू 'हो'च म्हणाला होतास. खाल्लंस, आणि रडत घरी आलास. आईने तुला जवळ घेतलं आणि मला झापलं, 'तुझं लक्ष कुठे होतं?' इतकी वर्षं झाली, तू गांडूळ खातोस आणि लक्ष माझं कुठे होतं याचा जाब मला द्यावा लागतो.

आता परवाच्या फोनबद्दल. तू म्हणालास, शाळांनी सहली रद्द केल्या, विज्ञानाच्या बाईंनी तर सरळ कळवलं की तळ्यात बघण्यासारखं काही नाही. तू म्हणालास, 'हे तुझं काम आहे ताई. तू माझी माणसं फोडतेस.' आणि मग आवाज उतरवून म्हणालास की इस्त्रींनी ठरवलं आहे, पोरं येत नसतील तर थंडीच्या आत तळं बुजवायचं आणि तिथे गाड्या उभ्या करायची सोय करायची. मी विचारलं, 'मग तू काय म्हणालास?' तर म्हणे, 'एकदम नाही कसं म्हणणार?' मी फोन ठेवला. आपटला असं तू बायकोला सांगितलंस म्हणे. हो, आपटला.

विज्ञानाच्या बाई माझ्याकडे येतात, हे खरं आहे. पण मी बोलावलं नव्हतं. त्या तुझी तक्रार घेऊन आल्या होत्या, आणि हात धुवायला न्हाणीघरात गेल्या. तिथून किंचाळल्या. ती किंचाळी भीतीची नव्हती.

कारण त्या दिवशी भरावावरून मी रिकाम्या हाताने परतले नाही, धाकट्या. घरी येऊन शेजारणीला उठवलं, तिच्या बादल्या घेतल्या, माझ्या घेतल्या, परत गेलो आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी त्या गाळात बसलो. तिला जळू चिकटली तेव्हा तिने तुझा जो उद्धार केला तो मी इथे देत नाही, पण मनातून दुजोरा दिला. जे हलत होतं ते सगळं आणलं. माझ्या टबात आता तुझे बेडूक आहेत, पाणविंचू आहेत, गोगलगायी आहेत, ती पाणवनस्पतीसुद्धा आहे. चतुराच्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येक अळीला वेगळा कप. लग्नात मिळालेला चांगला कपांचा संच त्यातच गेला. मी चहा लोट्यातून पिते आणि आंघोळीला शेजारणीकडे जाते. विज्ञानाच्या बाई पोरांना चार-चार करून आणतात, पोरं बूट दाराशी काढून न्हाणीघरात रांगेने उभी राहतात. तुमच्या केंद्राचा पानगळीचा कार्यक्रम या वर्षी माझ्या न्हाणीघरात झाला, हे हवं तर पुढच्या वार्तापत्रात छाप.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र. थंडी आली की बेडकांना गाळात शिरून झोपायचं असतं. माझ्या टबाला गुळगुळीत तळ आहे, गाळ नाही. काल एक बेडूक रात्रभर कोपरा खरवडत होता. मी त्यांना अडकवून ठेवलेलं नाही, मला फक्त त्यांना मरायला परत पाठवायचं नाही. तेव्हा ते सोनेरी पाहुणे आधी बाहेर काढ, हवे तर इस्त्रींच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेव, तिथे ते शोभतील. भरावावर गाळाचा एक ढीग अजून ओला आहे, तो परत आणून तळ्यात पसर. आणि इस्त्रींसमोर उभा राहून 'नाही' म्हण. तो शब्द मी तुझ्यासाठी म्हणणार नाही, मी माजी आहे. ते झालं की बादल्या घेऊन ये. माणूस पाठवू नकोस, तूच ये, गमबूट घालून. आला नाहीस तर हे सगळं मी दुसऱ्या कुठल्या डबक्यात सोडेन, आणि मग तुझं तळं बुजवलं तरी मी अडवायला येणार नाही. आलास तर चहा लोट्यातून मिळेल, चालवून घे. आणि हे पत्र फार कडू लागलं असेल, तर एवढं लक्षात ठेव की मी नियम मोडलेला नाही. तुलाही या खेपेला मी निम्माच खरवडला आहे.

तरीही तुझीच,
ताई